मॅग्मा आणि लाव्हातला फरक

शाळेत दरवर्षी एकदा तरी मला हा प्रश्न शिकवावाच लागतो. मॅग्मा आणि लाव्हा यांत फरक काय? दोन मार्कांचा. मुलं वहीत लिहितात, आत असतो तो मॅग्मा, बाहेर आला की लाव्हा, आणि खाली दुहेरी रेघ मारून मोकळी होतात. मी म्हणते, अरे बाबांनो, हे अर्धंच झालं. नुसता पत्ता बदलला म्हणून नाव बदललं एवढंच नाही. आत असतो तेव्हा त्याच्यात वायू विरघळलेले असतात, वरचा दाब त्यांना धरून ठेवतो. बाहेर आला की ते निघून जातात, आणि माल तोच असला तरी तो आधीसारखा राहत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मैम, इतना लिखना जरूरी है क्या?" नाही रे बाळा, जरूरी नाही. दोन मार्क तेवढ्यातही मिळतात. एवढी वर्षं शिकवून घसा बसला, गुडघे गेले, खडू जाऊन व्हाईटबोर्डचा पेन आला, पण हा धडा आला की मी आदल्या दिवसापासूनच थकलेली असते. का, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता इथं लिहून टाकते, म्हणजे सुटले एकदाची.

आम्ही तेव्हा रायपूरजवळच्या बीरगांवला राहत होतो. दोन खोल्या, पुढं टिनाची पडवी, आणि पडवीत बाबांची सायकल. बाबा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर होते. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. आईचे एक मामा रेल्वेत होते, त्यांच्या ओळखीनं बाबा इकडं आले आणि इथलेच झाले. आई मात्र शेवटपर्यंत झाली नाही. तिचं सगळं आयुष्य त्या काळ्या धुळीशी भांडण्यात गेलं. कारखान्यांच्या चिमण्यांतून ती धूळ रोज घरात यायची, दिवसातून तीनदा फडकं मारा, तीनदा फडकं काळं. कुरडया वाळत घातल्या तर वर जुनं धोतर अंथरावं लागे, तरी तळल्यावर त्या करड्याच निघायच्या. माझा कॉलेजचा पांढरा दुपट्टा ती आतल्या खोलीतच दोरीवर वाळवायची. "अवं माय, हे राख काय आपल्याच नशिबी लिहेल हाये का?" असं ती फडकं झटकत म्हणायची, आणि बाबा जेवता जेवता म्हणायचे, "त्या राखीवरच तुही चूल पेटून राहिली, तिले शिव्या नको देऊ." यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, "तुमचं लगन त्या भट्टीसंगच लावाले पायजे होतं."

बाबांचा आवाज मोठा होता. म्हणजे मूळचा नव्हता, झाला होता. ती विजेवरची भट्टी चालू असली की घूंऽऽ असा एकसारखा आवाज करते, छातीत शिरेल असा. त्या आवाजाच्या वरून ओरडून ओरडून त्यांना हळू बोलायची सवयच राहिली नव्हती, आणि कानही थोडे गेले होते. "मीठ दे" म्हटलं तरी चार घरं ऐकू जायचं. शेजारच्या छत्तीसगढी दीदीनं आईला एकदा फार मायेनं विचारलं होतं, "भैया रोज काहे गुस्सा करथे?" आई हसून हसून बेजार झाली. सकाळच्या पाळीला जाताना ते बासी खाऊन जायचे, रात्री पाण्यात ठेवलेला भात, त्यात मीठ, वर कांदा आणि टमाटरची चटणी. आई सुरुवातीला म्हणायची, शिळा भात आमच्या गावात गुरालेबी नाही देत. पण भट्टीसमोर उभं राहणाऱ्याच्या पोटाला तेच थंड पडतं हे बाबांनी इथल्या लोकांकडून शिकून घेतलं होतं. पाळीवरून आले की आधी गुळाचा खडा, घशातली धूळ उतरावी म्हणून. रविवारी विहारातून आलं की वडाभात. वड्यांवर तेल सोडताना आई कुणाला बोलू द्यायची नाही, का ते मला आजही माहीत नाही. बाबांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ठिणग्यांचे बारीक बारीक डाग होते. आई त्यांवर खोबरेल तेल लावायची. लग्नाला जायचं असलं की भर मे महिन्यातही बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि मनगटाचं बटणही लावायचे. मला वाटायचं, शौक आहे.

भट्टी मी एकदाच पाहिली. विश्वकर्मापूजेच्या दिवशी कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना सोडत. आम्ही काही पूजेतले नव्हतो, पण बुंदी सगळ्यांना मिळायची आणि आत फिरताही यायचं. त्या वर्षी पूजा आटोपल्यावर घरच्या लोकांना दाखवायला म्हणून भट्टीचा एक घाणा काढायचं ठरलं. एका वेळी जेवढं लोखंड वितळतं त्याला तिथं 'हीट' म्हणत. बाबांनी मला लांब एका खांबाजवळ उभं केलं, आपला निळ्या काचेचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि ओरडून सांगायला लागले. वितळलेलं लोखंड भट्टीत कसं गप्प बसलेलं दिसतं. ते साच्यात ओतलं की थंड होता होता कसं बुडबुडतं, कारण पोटात वायू असतो. म्हणून ओतायच्या आधी त्यात अॅल्युमिनियमच्या कांड्या टाकून त्याला शांत करायचं. "नाही केलं शांत, तर साचा उकळते! आतून पोकळ निघते माल! भोकंच भोकं!" आणि त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातला एक बाद झालेला तुकडा आणून माझ्या हातात दिला. खरंच, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूविज्ञान. ज्वालामुखीच्या दगडात भोकं का असतात हे आमच्या सरांनी फळ्यावर दोन तास शिकवलं होतं आणि मला कळलं नव्हतं. ते त्या खांबाजवळ एका मिनिटात कळलं. मी बाबांकडे पाहिलं. घामानं त्यांचा चेहरा चकाकत होता आणि ते फार खूश होते.

पण त्याच सुमारास त्यांचे डोळे जायला लागले होते. तीस वर्षं त्या उजेडात पाहिल्यावर दुसरं काय होणार. चष्मा असला तरी हीट तयार झाली का हे ते सळई बुडवून, काच वर सरकवून, उघड्या डोळ्यांनी पाहायचे. सगळे जुने लोक तसंच पाहायचे, काचेतून रंग कळत नाही म्हणत. कालीबाडीकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भट्टी सोडा, नाहीतर काही वर्षांत दिसणार नाही. सोडा म्हणजे काय? खायचं काय? बाबा म्हणाले, "हिची नौकरी लागू दे. लागली का त्याच दिवशी मी सळई ठेवतो." हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. पण त्यांचा आवाज असा की मला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

आणि नोकऱ्या निघणार असं सगळे म्हणत होते. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. भोपाळहून फायलींचे ट्रकच्या ट्रक येत होते, जुन्या बंगल्यांतून खाती बसवली जात होती, पाट्यांवरचं 'मध्य प्रदेश' पुसून 'छत्तीसगढ़' लिहिलेलं, आणि रंग पातळ असला की खालचं जुनं नाव दिसत राहायचं. घरभाडी वाढली, पंडरी बाजारात कापडाच्या दुकानांत साहेबांच्या बायका दिसायला लागल्या. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तर असं वातावरण की आता प्रत्येक घरात एकेक नोकरीची ऑर्डर येणार. आली कुणाची? असो. खनिज खात्यात तांत्रिक सहायकाच्या जागेसाठी मी अर्ज केला आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. आईनं ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं, धूळ लागू नये म्हणून.

मुलाखत सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात होती. बाबा सुट्टी टाकून सोबत आले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली, हातात पोह्यांचा डबा. व्हरांड्यात बाकावर आम्ही सहा-सात जण. एक मुलगी गाडीतून आली होती, तिचे वडील भोपाळहून बदलून आलेले अधिकारी, हे तिथल्या शिपायाच्या उठण्याबसण्यावरूनच कळत होतं. त्याच शिपायानं बाबांना हटकलं, "आप किसके साथ हो?" आणि बाबा आपल्या भट्टीच्या आवाजात म्हणाले, "बेटी का इंटरव्यू है! जियोलॉजी में है!" सगळा व्हरांडा वळून पाहायला लागला. ती गाडीतली मुलगी हसली. वाईट नाही हसली, पण हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दात आवळून म्हटलं, "बाबा, हळू. तुमी बाहेर झाडाखाली बसा नं." ते लगेच उठले. "हव, हव, बसतो," म्हणाले, आणि डबा घेऊन लिंबाखाली जाऊन बसले.

आत तिघं होते. मधले साहेब म्हातारे, बारीक, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. मला घाबरवणारं त्यांच्यात काही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मला कुणी हिणवलं. कुणी हिणवलं नाही. त्यांनी आधी नाव-गाव विचारलं, मग सहज म्हणाले, "पिताजी क्या करते हैं?" मी म्हटलं, "सर, प्लांट में..." आणि तिथं अडले. बाहेरचा तो मोठा आवाज अजून माझ्या कानात होता. मी वाक्य पुरं केलं, "प्लांट के ऑफिस में हैं।" त्यांनी मान हलवली, झालं. एवढ्यावरच संपलं असतं तर मी विसरूनही गेले असते. माणूस असं काहीबाही बोलून जातो.

मग त्यांनी टेबलावरचा एक काळा दगड माझ्या हातात दिला. भोकंच भोकं असलेला. "मैग्मा और लावा में क्या अंतर है?" मी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं, वायूसकट. ते ऐकून ते हसले. "यह तो किताब है, बेटा। कभी कोई पिघली हुई चीज़ अपनी आँख से देखी है? लोहा, काँच, कुछ भी? बाहर आते ही उसका क्या होता है, वह देखा है?" आता वाचणारा म्हणेल, अगं, सांग ना! हाच तर प्रश्न तुझा! जगात त्या दिवशी त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कुणाला येत असेल? पण भट्टी पाहिली म्हटलं की कशी पाहिली हे आलं, आणि ते आलं की ऑफिस गेलं. मी म्हटलं, "नहीं सर।" त्यांनी अर्जाकडे पाहिलं. "बीरगांव में रहती हो। चारों तरफ़ भट्टियाँ हैं। कभी देखने का मन नहीं हुआ?" आणि मी, माझ्याच तोंडानं, म्हटलं, "नहीं सर। हम लोग उधर नहीं जाते।" मग त्यांनी माझ्या हातातला दगड परत घेतला आणि म्हणाले, ठीक आहे.

बाहेर आले तर बाबा उठून उभे. आम्ही लिंबाखालीच बसून पोहे खाल्ले, थंड झालेले, पण त्यांनी मला आधी दिले. "काय इचारलं?" मी सांगितलं, मॅग्मा आणि लाव्हा. ते काय असतं, हे त्यांनी विचारून घेतलं, आणि मी सांगताच मांडीवर थाप मारली. "अवं, हे तं आपली हीटच झाली! आत हाये तोवर वायू पोटात दाबून बसते. बाहीर आली का फसफसते, अन् मंग दम निघून जाते तिचा. मालात फरक नाही, पण जीव नाही राहत तसा. भोकं राहून जातात नुसते." इतकं नीट मी आजवर कुणाला शिकवलेलं नाही. मग ते पुढं वाकून म्हणाले, आणि इथं त्यांनी आवाज जमेल तेवढा बारीक केला, "सांगतलं का तू, आपल्या भट्टीचं?"

मी म्हटलं, "हव बाबा. सांगतलं."

ते एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. टेम्पोत बसल्यावर त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. पाऱ्यात सांगितलं. कारखान्यात तर सगळ्यांना सांगितलं, की साहेबांनी विचारलं आणि माझ्या पोट्टीनं आपल्या भट्टीचं उदाहरण दिलं. त्यांचे सोबती मला रस्त्यात भेटले की म्हणत, "का ओ नोनी, हमर भट्ठी के नाव सरकार तक पहुँचा देस!" मी मान खाली घालून निघून जायची. त्यांना वाटायचं, लाजते.

यादी लागली ती बंगल्याच्या बाहेरच्या फळ्यावर. बाबांना ती अक्षरं दिसेनात. ते म्हणाले, "वाच." माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं, शेवटून दुसरं. लागली ती गाडीतली मुलगी. खरं सांगायचं तर तिला दगड माझ्याहून चांगले कळत होते. पुढं एका प्रदर्शनात भेटली तेव्हा मी पाहिलं, तिनं दगड हातात घेतला की दुसरं कुणी तिला दिसतच नसे. पण त्या दिवशी आम्हाला फक्त तिची गाडी आठवली. घरी आल्यावर आईनं पिठलं टाकलं, भाकरी थापल्या, कुणी धड जेवलं नाही. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी पाळीवरून आल्यावर, गूळही न खाता, ते पडवीत माझ्याजवळ येऊन बसले. आणि हळू बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा खरोखर हळू आवाज ऐकला.

"माह्यामुळं गेली तुही नौकरी."

आई आतून म्हणाली, "असं कायले म्हणता?"

"नाही तं काय. हिनं सांगतलं नं तिथं, बाप भट्टीवर हाये म्हणून. त्यायनं पाह्यलं, मजुराची पोट्टी हाये. झालं. अन् मी येडा गावभर सांगत फिरलो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुह्या मनात कपट नाही बाई, म्हणून खरं बोलली. चुकी माही हाये. मीच तुले समजवाले पायजे होतं."

मी तोंड उघडलं. देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण खरंच उघडलं. आणि मला दिसलं, की मी नाही सांगितलं तर हे म्हणणार, माझ्यामुळं गेली. आणि सांगितलं तर यांना कळणार की यांच्या लेकीला यांची लाज वाटली. दोन्हीकडून भाजणार होतं ते त्यांनाच. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज वाटतं, मी फक्त भ्याले. मी गप्प बसले आणि ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तो हात खरखरीत होता, केसांत अडकत होता, आणि मला रडूही येईना.

त्यानंतर त्यांनी आणखी चार वर्षं सळई बुडवली. डावा डोळा पूर्ण गेला. मधल्या काळात मी शिकवण्या घेतल्या, बीएड केलं, आणि एका खाजगी शाळेत विज्ञानाच्या जागेसाठी बोलावणं आलं. निघताना बाबा दारात आले. अंगात तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि मला त्या शर्टाचा अर्थ तेव्हा, एवढ्या उशिरा, लागला. ते म्हणाले, "या बारीनं माहं नाव नको काढू. ऑफिसात हाये म्हणजो. थोडं खोटं बोलाव लागते बाई दुनियेत, त्याचं पाप नसते."

मी म्हटलं, बरं. ते सोबत आले, पण शाळेच्या फाटकापर्यंत आले नाहीत. पलीकडं एका सायकलच्या दुकानापाशी थांबले. मी आत जाताना वळून पाहिलं तर ते दुसरीकडंच पाहत होते, जसे काही माझे कुणीच नाहीत.

आत वडील काय करतात हे कुणी विचारलंच नाही. एक धडा शिकवून दाखव म्हणाले, मी दाखवला, आणि पुढच्या सोमवारपासून या म्हणून सांगितलं. मी रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, "बाबा, लागली." त्यांनी एका डोळ्यानं मला नीट निरखून पाहिलं, मी खोटं तर बोलत नाही ना म्हणून. मग भर रस्त्यात, भट्टीवरच्या त्या जुन्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "पाह्य! म्हटलं होतं का नाही तुले! माहं नाव नाही काढलं तं कशी लागली!"